पांडवांच्या नावावर असलेल्या खोल्या

मुरगाव बंदरावर लाल भुकटीचे जे ढीग असत, त्यांतून मूठमूठ उचलून तपासण्यात माझी सगळी नोकरी गेली. वास्कोतल्या एका प्रयोगशाळेत मी खनिजाचे नमुने तपासत असे. बार्ज लागली की ठरावीक अंतरानं फावडं मारून माल घ्यायचा, कुटायचा, त्याचा ढीग करून चार भाग पाडायचे. समोरासमोरचे दोन भाग टाकून उरलेल्याचे पुन्हा चार. असं करत पाकिटात मावेल एवढी पूड राहिली की ती १०५ अंशांवर वाळवून ओल काढायची, मग लोह, सिलिका, ॲल्युमिना. सौदा लोहाच्या टक्क्यावर ठरे. सिलिका आणि ॲल्युमिना चढले की भाव उतरे.

माल बहुतेक डिचोली तालुक्यातला. शिरगाव, मये, लामगाव ही नावं मी पाकिटांवर रोज वाचत होतो, गावं मात्र पाहिलेली नव्हती. सारमानसच्या धक्क्यावर ट्रक रिकामे होत, बार्जा मांडवीतून समुद्राच्या तोंडाशी येत आणि वळसा घालून मुरगावला लागत. पावसाळ्यात आग्वादच्या दांड्यावर लाटा उसळल्या की तो रस्ता बंद. तेव्हा कुंभारजुव्याच्या खाडीतून आतल्या आत जुवारीत उतरायचं. म्हणजे डिचोलीचे डोंगर बारा महिने आमच्या दारात येऊन पडत. त्या डोंगरांत कुणी तरी तेराचौदाशे वर्षांपूर्वी राहायच्या खोल्या कोरल्या आहेत, हे मला ठाऊक होतं ते आईमुळे. आई पेडण्याची. तिच्या लहानपणी साखळीकडची एक म्हातारी त्यांच्या घरी कामाला होती आणि ती हरवळ्याच्या ‘पांडवांच्या खोल्यां’च्या गोष्टी सांगायची. पांडव एका रात्रीत खोदत होते, कोंबडा आरवला आणि काम अर्धं टाकून निघून गेले, अशी गोष्ट. कोकणात निम्म्या लेण्यांची ही गोष्ट असते.

१९८७ च्या नाताळच्या सुट्टीत आम्ही निघालो. गोव्याला राज्याचा दर्जा मिळाला ते हे वर्ष. आई, मी, पत्नी, सातवीतली मुलगी, चौथीतला मुलगा आणि मेटाडोर चालवायला धाकटा भाऊ. पत्नीनं उंडे, बटाट्याची सुकी भाजी आणि पाण्याचे दोन कॅन घेतले होते. मांडवीवरचा नेहरू पूल आदल्या वर्षीच्या जुलैत कोसळला होता आणि पणजीला फेरीबोटीसाठी रांगा लागत, म्हणून पणजी टाळून आगशी, जुने गोवे, बाणस्तारी, फोंडा अशी वाट धरली. ही वाट नकळत इतिहासातून जाते. जुवारीचा पूल ओलांडला की गोवा वेल्हा. कदंबांची गोपकपट्टण राजधानी इथे होती. बाणस्तारीच्या पुलाखाली कुंभारजुव्याची खाडी. फोंड्यापुढे खांडेपार.

खांडेपारची लेणी नदीजवळच्या रानात आहेत. भेडले माड, रानकेळी, पायाखाली कुजलेला पाला. समोर येईपर्यंत दिसत नाहीत. गावाबाहेरच्या जगाला त्यांचा पत्ता लागला तो १९७० मध्ये. चार खोदकामं आहेत. तिघांमध्ये एकामागे एक अशा दोन-दोन खोल्या, चौथं एकाच खोलीचं, आत बैठकीसारखा ओटा. जांभ्याचं अंग बाहेरूनही तासून काढलेलं आणि वर पायऱ्यांसारखं चढत जाणारं छप्पर. ते चिरे रचून कदंबांच्या काळात, दहाव्या-अकराव्या शतकाच्या सुमारास चढवलं, असं मानतात. पहिल्या लेण्याच्या छताला कोरलेलं कमळ आहे. मुलानं भिंतीतल्या कोनाड्यात हात घालून पाहिला. दिव्याची जागा. दाराच्या चौकटीला लाकडी दार बसवण्यासाठी चौकोनी खाचा. मुलगी म्हणाली, “बाबा, इथे दार लावून कुणी तरी झोपत होतं.” मला वाटतं त्या दिवसभरातलं सगळ्यांत नेमकं निरीक्षण तिचं होतं. आपण लेणी पाहताना मूर्ती शोधतो. इथे शोधायच्या त्या दाराच्या खाचा.

कारण जांभ्यात मूर्ती होत नाही. अजिंठा-वेरूळ-घारापुरीचा कातळ काळा, घट्ट, बारीक कणांचा. त्यात पापणी कोरता येते. जांभा हा मुळात दगडाचा उरलेला सांगाडा आहे. लाखो पावसाळ्यांनी मूळ खडकातला सिलिका धुऊन नेला, लोह आणि ॲल्युमिनियम मागे राहिलं, मध्ये पोकळ्या पडल्या. वरचा थर हवेनं-उन्हानं कडक होतो, आतला ओला असतो तोवर मऊ. फ्रान्सिस बुकॅनननं १८०७ मध्ये मलबारच्या प्रवासवर्णनात याची पहिली शास्त्रीय नोंद केली: ताजा असताना हत्यारानं हवा तसा कापा, हवा लागली की विटेसारखा पक्का होतो. आमच्या चिरेखाणीतल्या कोणालाही हे सांगावं लागत नाही. ताज्या खाणीत टिकाव खरवसात सुरी जावी तसा जातो.

या एका गुणावर गोव्याच्या लेण्यांचा सगळा नकाशा ठरलेला आहे. खोदायला सोपा, म्हणून राजाची तिजोरी किंवा मोठा व्यापारी पाठीशी नसतानाही मोजक्या माणसांना खोली काढता आली. नक्षी धरत नाही, म्हणून सगळं साधं: सपाट छत, चौकोनी खांब, ओटे, कोनाडे. फार रुंद छत पेलत नाही, म्हणून मोठा चैत्य नाही, छोट्या छोट्या खोल्या. पाणी शोषतो, म्हणून भिंतीवर रंग टिकणार नाही. आणि नक्षी नसल्यामुळे शैलीवरून काळ ठरवण्याची अभ्यासकांची नेहमीची युक्ती इथे लंगडी पडते. माझ्यासारख्या नमुने तपासणाऱ्याला मात्र हे साधेपण ओळखीचं वाटलं. ज्यानं खोदलं त्याला आपला दगड काय देईल आणि काय देणार नाही, हे पक्कं कळत होतं.

उसगाववरून साखळीकडे निघालो तसे खनिजाचे ट्रक सुरू झाले. रस्त्याकडेच्या झाडांची पानं लाल. आईनं पदर नाकाला लावला आणि म्हणाली, “तुझ्या हाफिसातला वास आला रे.” साखळीहून हरवळे जवळच. आधी धबधब्याचा आवाज येतो, मग रुद्रेश्वराचं देऊळ. महाशिवरात्रीला इथे मोठी गर्दी होते. लेणी तिथून थोडी अलीकडे, एका चढाच्या पोटात.

हरवळ्यालाही शिल्पाची वाट पाहणाऱ्याच्या पदरी काही पडत नाही. समोर ओसरीसारखी पडवी, जांभ्याचे चौकोनी खांब, मागे ओळीनं खोल्या. पाच पांडवांच्या पाच, असं लोक म्हणतात. खोल्यांत उंच दांड्याची लिंगं बैठकीवर रोवलेली. आम्ही गेलो तेव्हा त्यांच्यावर त्याच सकाळची जास्वंद आणि तगर होती. यांतल्या एकाच्या दांड्यावर संस्कृतात एक तोकडा लेख आहे, ब्राह्मीच्या उत्तरकालीन वळणाच्या अक्षरांत: सांबलूरचा रहिवासी रवी. तो कोणी भक्त असेल, किंवा सांबलूरला वसणारा सूर्यदेव असेल. अक्षरांच्या घडणीवरून लेख सातव्या शतकाच्या सुमाराचा मानतात. लेण्यांचं खोदकाम त्याच्या आधीचं, सहाव्या शतकापर्यंत मागे नेतात.

त्या काळी गोव्यावर राज्य करणारी घराणी आपल्या शालेय पुस्तकांत एका ओळीतही नसतात. भोजांची राजधानी चंद्रपूर, म्हणजे सासष्टीतलं चांदोर. देवराज भोजाचा ताम्रपट शिरोड्याला सापडला, पृथ्वीमल्लवर्म्याचे बांदोड्याला. चंद्रवर्मा नावाच्या राजाच्या ताम्रपटात शिवपूर इथल्या महाविहाराला जमीन दिल्याचं लिहिलं आहे. म्हणजे राजाश्रय मिळण्याइतका बौद्ध संघ इथे होता. मग कोकणचे मौर्य आले, त्यांना बदामीच्या चालुक्यांनी नमवलं. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात पुलकेशी दुसऱ्याच्या विजयांत या मौर्यांचं नाव येतं. राज्यं अशी हातोहात फिरत होती, त्याच शे-दोनशे वर्षांत या खोल्या कोरल्या गेल्या.

खोल्यांची मांडणी पाहून, भिक्खूंचं वर्षावासाचं ठिकाण असावं, असं अनेक अभ्यासकांनी मांडलं. गोव्याच्या पावसाळ्यात चार महिने हिंडणं अशक्यच. गोव्यात बुद्ध होता याचा पुरावा फादर हेन्री हेरास यांना १९३० मध्ये बार्देशातल्या कोलवाळजवळ मुशीर इथे मिळाला: बुद्धाची मूर्ती. ती मुंबईच्या सेंट झेवियर महाविद्यालयातल्या, पुढे त्यांच्याच नावानं ओळखल्या जाणाऱ्या संस्थेत आहे. सांग्यातल्या रिवणच्या लेण्याजवळही शीर नसलेला बुद्ध मिळाला. हरवळ्याला मात्र आज बुद्ध नाही. इथे लिंग आहे, आणि गावाच्या तोंडी पांडव आहेत.

आई पडवीच्या कडेला बसली आणि मुलांना तिची गोष्ट सांगू लागली. मुलगी शाळेत नुकताच बौद्ध धर्म शिकली होती. ती आजीला थांबवून म्हणाली, “आजी, पांडव नव्हे गं, भिक्खू राहायचे इथे. बाबांनी वाचलंय.” आईनं तिच्याकडे न बघता उत्तर दिलं, “राहिले असतील. गेल्यावर झाडून कोण काढत होतं मग?”

त्या वेळी आम्ही हसलो. पण आईनं विचारलं होतं ते या लेण्यांच्या इतिहासातलं खरं कोडं आहे. जांभ्याची खोली रिकामी राहिली तर तिचं काय होतं, हे मी पुढे पुष्कळ ठिकाणी पाहिलं. छतातून पाणी झिरपतं, मुळं पोकळ्यांत शिरून पाचर मारतात, पावसाळ्यागणिक तोंडाशी दरड उतरते आणि एका पिढीत दरवाजा बुजतो. साळिंदर आणि वटवाघळं राहायला येतात. काळ्या कातळातली लेणी विसरली तरी शाबूत राहतात, तो कातळ सांभाळून घेतो. जांभा सांभाळून घेत नाही. तेव्हा भिक्खू गेल्यानंतर हजारबाराशे वर्षं हरवळ्याच्या खोल्या उभ्या राहिल्या, त्या कुणी तरी दरसाल पाला काढला, पाण्याला वाट करून दिली, दिवा लावला म्हणून. तो दिवा लावायला कारण हवं. आधी ते बुद्धाचं असेल, मग शिवाचं झालं, आणि वाचता न येणाऱ्या लेखाचा अर्थ लावायला पांडव आले. अभ्यासकाला हे थर एकमेकांवर केलेली अतिक्रमणं वाटतात. मला ती एकामागून एक आलेली राखणदारी वाटते.

याला खांडेपार अपवाद वाटेल, कारण तिथे राखण रानानं केली. पण तिथेही कदंबांच्या काळी कुणी तरी जुन्या खोदकामावर छप्पर चढवलं होतंच. मूळ कातळावर पडणारा पाऊस त्या रचलेल्या चिऱ्यांनी अंगावर घेतला. म्हणजे विसर पडण्याआधी एक मोठी डागडुजी झाली होती.

हरवळ्याहून डिचोली, आणि डिचोलीला लागूनच लामगाव. माझ्या पाकिटांवरचं नाव. डोंगराच्या कुशीत दोन लेणी. मोठ्यात शिवलिंग, समोर नंदी. लहान लेणं रिकामं, आत वटवाघळांचा उग्र वास. मुलगा आत शिरला नाही. इथे मात्र शांतता नव्हती. डोंगराच्या पलीकडून यंत्रांची घरघर येत होती. डिचोलीची खाण डिचोली, लामगाव, मुळगाव, मये आणि शिरगाव या गावांच्या हद्दींत पसरलेली आहे. एकाच डोंगरात एकीकडे चार हातांची खोली आणि दुसरीकडे डोंगर उलटा करून ठेवल्यासारखी खोल खाण. भाऊ मला म्हणाला, “बघ, तुझा पगार.” खोटं नव्हतं. आमची चूल त्या खड्ड्यावरच पेटत होती, आणि अर्ध्या वास्कोचीही. तेवढं मान्य करून मी लेण्याची भिंत पाहिली. छिन्नीचे तिरके वळ अजून मोजता येतील असे. खोदणाऱ्यानं वरचा कडक थर छतासाठी राखून त्याच्या खालच्या मऊ थरात खोली काढली होती. खाणीत हाच वरचा थर आधी उडवून फेकून देतात, कारण त्यात लोह कमी. एकाच दगडाची दोन मोजमापं. आमच्या टक्केवारीत तो टाकाऊ होता.

पुढचं सर्वांना ठाऊक आहे. २०१२ च्या सप्टेंबर-ऑक्टोबरात खाणी बंद पडल्या, मध्ये थोड्या सुरू झाल्या, २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ८८ परवान्यांचं नूतनीकरण रद्द केलं आणि मार्चच्या मध्यावर यंत्रं पुन्हा थांबली. नंतर लिलाव झाले, डिचोलीची खाण परत सुरू झाली. या सगळ्या वादात पाणी, शेती, रोजगार यांवर खूप लिहिलं गेलं, आणि तेच आधी लिहायला हवं होतं. लामगावच्या लेण्यांना त्या कागदांत एखादी ओळ मिळाली तर मिळाली.

दुपार कलल्यावर मयेवरून नार्व्याला पोहोचलो. इथे लेण्यांचा इतिहास निराळं वळण घेतो, कारण इथे एका पदच्युत देवाला रानानं आसरा दिला. सप्तकोटेश्वर हे कदंबांचं कुलदैवत. त्यांच्या नाण्यांवरसुद्धा त्याच्या वरप्रसादाचा उल्लेख असे. मूळ देऊळ नदीपलीकडे दिवाडी बेटावर. चौदाव्या शतकात बहामनी फौजांनी ते पाडलं, विजयनगरच्या माधवमंत्र्यानं पुन्हा उभारलं, सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी पुन्हा पाडलं. लिंग विहिरीवर रहाटाच्या कामी लावलं होतं असं सांगतात. नारायण शेणवी सूर्यराव देसाई यांनी ते तिथून काढून नदी ओलांडून नार्व्याला आणलं. नदी ओलांडणं म्हणजे राज्य ओलांडणं. तिसवाडी, बार्देश, सासष्टी या जुन्या काबिजादी फिरंग्यांच्या मुठीत होत्या, डिचोली नव्हती. ती त्यांच्या हाती आली १७८१ नंतर, आईचं पेडणं १७८८ मध्ये. तोवर धर्मांतराचा जोर ओसरला होता. नव्या काबिजादींत देवळं राहिली, हरवळे-लामगावची लिंगं राहिली, ती या दोन-अडीचशे वर्षांच्या फरकामुळे. दिवाडीवर एखादं असं लेणं असतं तर त्यातलं लिंग टिकलं असतं का, याचं उत्तर सप्तकोटेश्वराच्या पहिल्या देवळाच्या नशिबात आहे.

शिवाजी महाराज १६६८ मध्ये गोव्याच्या स्वारीच्या तयारीत होते तेव्हा नार्व्याच्या या देवळाचा जीर्णोद्धार त्यांच्या आज्ञेनं सुरू झाला. दारावरच्या शिलालेखात शके १५९०, कीलक संवत्सर, कार्तिक वद्य पंचमी अशी मिती आहे. इंग्रजी तारीख १३ नोव्हेंबर १६६८. मुलांनी अक्षरं लावून शिवरायांचं नाव तेवढं वाचलं आणि दिवसभराचा शीण विसरली. मला मात्र ओढ होती ती देवळाभोवतीच्या डोंगराची. तिथे जांभ्यात खोदलेल्या खोल्या आणि भुयारं आहेत, खडकात कोरलेल्या पादुका आहेत, आणि थोड्या अंतरावर जैन मंदिराचे अवशेष. निर्वासित देवाला जागा द्यायची झाली तेव्हा ती आधीपासून कोरलेल्या डोंगराच्या कुशीत मिळाली, यात योगायोग मला फारसा वाटत नाही. ज्या रानाला शतकानुशतकं कुणा ना कुणाला ठेवून घ्यायची सवय आहे, तिथेच माणसं देवाला घेऊन गेली. शिवपिंडीशेजारी जैन, त्याच्याही आधी कदाचित भिक्खू. एका टेकडीनं इतक्यांना नावनिशी न विचारता घेतलं.

नार्व्याहून फेरीनं दिवाडी, दिवाडीहून दुसऱ्या फेरीनं जुने गोवे, आणि रात्री वास्को. दिवाडीवर अंधार पडला होता, त्यामुळे सप्तकोटेश्वराच्या मूळ देवळाजवळचं कोटीतीर्थाचं तळं पाहायचं राहिलं.

त्यानंतर या जागा मी अनेकदा पाहिल्या. नार्व्याचं देऊळ राज्याच्या पुरातत्त्व खात्यानं दुरुस्त करून २०२३ च्या फेब्रुवारीत खुलं केलं. हरवळ्याची लेणी केंद्रीय पुरातत्त्व खात्याकडे आहेत. कुंपण आहे, निळा फलक आहे, गवत कापलेलं असतं. हे आवश्यकच आहे. रंगानं नावं लिहिणाऱ्यांना आवरायला दुसरा इलाज नाही. पण कुंपण घालताना एक गोष्ट निसटते. स्मारक झालं की ते आपलं नाही, सरकारचं आहे, असं गावाला वाटू लागतं, आणि पाणी तुंबलं तर सरकार येईपर्यंत थांबायचं असतं. जांभा तेवढा थांबत नाही. हजारबाराशे वर्षं जी व्यवस्था चालली, तिला अर्ज लागत नव्हता. म्हणून देखरेखीची रचना करताना खात्याचा रखवालदार आणि गावचे मानकरी या दोघांनाही तीत जागा हवी. पावसाळ्याआधी चर कुठे काढायचा, हे दिवा लावणाऱ्या घराला अभियंत्याइतकंच कळतं.

आणि फलकावरचा मजकूर थोडा वाढवावा. ‘पांडवांची लेणी’ एवढंच लिहून भागत नाही, तसं पांडवांना खोडून फक्त ‘बौद्ध’ लिहिणंही अपुरंच. वर्षावासाचे भिक्खू, सांबलूरचा रवी, आणि ही जागा पांडवांची म्हणून दरवर्षी झाडणारी नाव नसलेली माणसं, तिघांचाही उल्लेख हवा. आईच्या प्रश्नाला उत्तर द्यायचं तर तिसऱ्यांची ओळ सगळ्यांत मोठ्या अक्षरांत लिहावी लागेल.